बॅट स्पीड वाढवायचाय तर आधी कंबर फिरवा (बेसबॉलचे घरगुती ड्रिल)

आमच्याकडचे पोट्टे बेसबॉलकडं येतात ते क्रिकेट खेळूनच, हातात जोर भरपूर असतो पण कंबर जागची हलत नाही अन् बॅट उशिरा येते. ट्रॉलीत कापसाचं गाठोडं फेकताना बघा, आधी पाय वळतात, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. स्विंगही (म्हणजे बॅट फिरवणं) तसाच पाहिजे. पिचरपासून (बॉल टाकणाऱ्यापासून) होम प्लेट, म्हणजे बॅटिंगची जागा, १८.४४ मीटर, ताशी १४५ किमीचा बॉल साधारण ०.४ सेकंदात पोचतो, म्हणून बॅट जितकी झपकन येईल तितका बॉल बघायला वेळ जास्त मिळतो.

पहिलं ड्रिल आवाजाचं, माझ्या मते सगळ्यात कामाचं. बॅट उलटी धरा, जाड बाजू हातात, नाहीतर बांबूची सरळ काठी घ्या अन् बॉल नसताना पूर्ण ताकदीनं फिरवा. सूंऽऽ आवाज येईल, तो कुठं वाजतो ते कान देऊन ऐका. मागच्या खांद्यापाशीच वाजला तर बॉल लागायच्या आधीच स्पीड संपला, तो पुढच्या पायासमोर वाजायला पाहिजे. नववीतल्या एका पोट्ट्याचा आवाज कानामागंच यायचा, मूठ इतकी आवळायचा की बोटं पांढरी पडायची. मी एवढंच म्हटलं, "बोटात धर, तळहातात नको, अन् मागची टाच उचलून फिरव." चार-पाच स्विंगनंतर तोच थांबून म्हणे, "सर, आता समोर वाजलं ना!"

दुसरं जड-हलक्या बॅटचं. रोजची बॅट ८५० ग्रॅमची असेल तर जड १ किलोपर्यंत, हलकी ७०० ग्रॅमच्या आसपास, फरक २० टक्क्यांच्या आतच ठेवा. जड करायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून टेप मारा, किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून घ्या. नट-बोल्ट बांधू नका, सुटून कोणाच्या डोळ्याला लागेल. ५ जड, ५ हलके, ५ रोजच्या बॅटचे, प्रत्येक स्विंग जीव लावून, अन् सेट झाला की २-३ मिनिटं बसा. मी आधी जड बॅटनं सलग शंभर-शंभर स्विंग काढून घ्यायचो, पोट्ट्यांची मनगटं दुखायला लागली अन् स्विंग उलट हळू झाला, ते मी पूर्ण बंद केलं. मॅचमधे बॅटिंगला जायच्या आधी बॅटला वजनाची रिंग लावून फिरवणंही नको, ती काढल्यावर बॅट फक्त हलकी वाटते, जास्त जोरात फिरत नाही.

तिसरं, जुन्या व्हॉलीबॉलमधे सरकी भरून शिवून घ्या, काट्यावर दोन किलोपर्यंत भरली की पुरे. भिंतीला खांदा करून उभं राहायचं अन् कंबरेच्या झटक्यानं बॉल भिंतीवर मारायचा, दोन्ही बाजूंनी ८-८ वेळा. हातानं ढकलला तर बॉल भिंतीपाशीच पडतो, लगेच कळतं.

आठवड्यात ३ दिवस बस झाले, उन्हाळ्यात तपन चढायच्या आत, सकाळी साडेसहाला सुरू करा.

अन् मोजा. मोबाईलचं स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवून बाजूनं शूट करा, बॅट हलायला लागली तिथपासून बॉलला लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. साधारण ३६ फ्रेम म्हणजे ०.१५ सेकंद. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच बॅटनं शूट करा अन् आकडा वहीत तारखेसकट लिहून ठेवा.