नाखिमॉव्हचं शिळाछाप चित्र घेताय? या चुका टाळा

क्रिमियन युद्धाच्या काळात (१८५३–१८५६) रशियात नाखिमॉव्ह, कॉर्निलॉव्ह, इस्तोमिन या नौसेनानींची शिळाछाप, म्हणजे सपाट दगडावर काढून छापलेली, व्यक्तिचित्रं निघाली. आज लिलावात अस्सल चित्रांच्या जोडीला पुस्तकातून कापलेली पानं आणि पुढे निघालेल्या नकलाही येतात. फसगत बहुतेक वेळा चेहऱ्यामुळे होते. ओळखीचा चेहरा दिसला की बाकीचं कोणी बघत नाही, आणि चेहरा तर नकलेतही छान उतरतो.

आधी खांदे बघा. रशियन आरमारात झालरीच्या एपॉलेटवर, म्हणजे गणवेशाच्या खांद्यावरच्या पट्टीवर, काळे दुतोंडी गरुड असत: रिअर ॲडमिरलला एक, व्हाइस ॲडमिरलला दोन, ॲडमिरलला तीन. तुर्की आरमाराविरुद्धची सिनोपची लढाई जिंकली तेव्हा, नोव्हेंबर १८५३ मध्ये, नाखिमॉव्ह व्हाइस ॲडमिरल होता. ॲडमिरल झाला मार्च १८५५ मध्ये, आणि त्याच उन्हाळ्यात सेवास्तोपोलच्या मालाखॉव्ह टेकडीवर गोळी लागून गेला. म्हणजे ‘१८५४ चं चित्र’ म्हणून दाखवलेल्या नाखिमॉव्हच्या खांद्यावर तीन गरुड असतील, तर विक्रेत्याचं साल चुकलंय. कॉर्निलॉव्ह व्हाइस ॲडमिरल असतानाच मारला गेला, इस्तोमिन रिअर ॲडमिरल असताना. चित्रकारही कधी चुकायचे, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देऊ नका. पण इथे गडबड दिसली की पुढची तपासणी कडक करा.

छातीवरचे तारे, म्हणजे सन्मानांची ताऱ्यासारखी पदकं, हीही बघून घ्या. ते बहुतेक माणसाच्या डाव्या छातीवर, म्हणजे आपल्या उजव्या हाताला दिसायला हवेत; फक्त सेंट ॲना सन्मानाचा तारा उजव्या छातीवर लावत. छापील चित्र पाहून कोणी ते जसंच्या तसं दगडावर काढलं, की छापताना उलटतं. इतर तारे भलत्या बाजूला म्हणजे नकलेचा दाट संशय.

मग भिंग. दहापट भिंगाखाली ओळीत बसलेले नियमित ठिपके दिसले, तर ते फोटोवरून केलेलं छपाईकाम. शिळाछापात खडूचा दाणा वेडावाकडा असतो. जुन्या शिळाछाप पोथ्या हाताळलेल्यांना शाईचा तो सपाटपणा लगेच कळेल. कडेला छपाईच्या दाबाने कागदात उमटलेली चौकट नाही म्हणून घाबरू नका, शिळाछापात ती सहसा नसतेच. पातळ चिनी कागदावर छापून जाड कागदाला चिकटवलेल्या प्रतीत मात्र दिसू शकते.

समास कापलेली प्रत स्वस्तात मिळते, आणि मला तो सौदा कधीच पटत नाही. छापखान्याचं नाव, ‘दोज्वोलेनो त्सेन्झूरोयु’ म्हणजे सेन्सॉरची परवानगी आणि तिची तारीख, हे सगळं तिथेच सापडतं. ती तारीख परवानगीची, छपाईची नव्हे. शिवाय ती जुन्या रशियन पंचांगाची, आपल्याहून १२ दिवस मागे. कॉर्निलॉव्हचा मृत्यू एका ठिकाणी ५ ऑक्टोबर आणि दुसरीकडे १७ ऑक्टोबर १८५४ दिसतो; दोन्ही बरोबर. नावाखालचा मजकूरही तपासा. १९१८ च्या लिपीसुधारणेआधी या तिन्ही नावांच्या शेवटी एक अनुच्चारित चिन्ह लिहीत. ते नसेल तर छपाई बहुधा नंतरची. असलं म्हणून मात्र अस्सल ठरत नाही, कारण पुनर्मुद्रणात जुना मजकूर तसाच उचलतात.

चित्रकार वासिली टिमच्या ‘रूस्की खुदोझेस्त्वेन्नी लिस्तोक’ची पानं बाजारात बरीच फिरतात. हे पत्रक १८५१ ते १८६२ निघत होतं, महिन्याला तीनदा. तेव्हा ‘टिमचं आहे, म्हणजे युद्धकाळातलंच’ हा हिशेब चुकीचा. साल आणि अंक विचारा.

चित्र मुंबई-कोकणात ठेवणार असाल, तर लॅमिनेशन अजिबात नको, फाटल्या जागी सेलोटेपही नको. आम्लमुक्त माउंट वापरा, काच कागदाला टेकू देऊ नका आणि पावसाळ्यात दमट बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. बुरशी आणि कसर दोघांनाही जुना कागद आवडतो. ब्लीचने डाग काढायचा मोह आवरा, हाताने भरलेले रंग आधी जातात.

आणि थेट रशियातून मागवण्याआधी विक्रेत्याकडे निर्यातीचे कागद मागा. शंभर वर्षांहून जुन्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर तिथे कायद्याचे निर्बंध आहेत. ‘साधं पोस्टर म्हणून पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.