अर्ज दुसऱ्याच्या हातून भरताना

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत राहणाऱ्या मराठी माणसाला सरकारी कामासाठी दुसऱ्याची मदत लागते ती बहुधा भाषेपायी. अर्ज कन्नडमध्ये असतो, मोबाईलवरचा संदेश इंग्रजीत येतो आणि घरात दोन्ही वाचू शकणारा मुलगा पुण्याला किंवा गोव्याला नोकरीला असतो. त्यामुळे ग्रामवन केंद्रात, पंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रात किंवा बसस्थानकाजवळच्या सायबरमध्ये आपण कागदांबरोबर मोबाईलही समोरच्याच्या हातात देऊन मोकळे होतो. मदत घेण्यात गैर काही नाही. मात्र अर्ज भरण्यापुरती माहिती सांगणे आणि आपल्या नावाने संमती देण्याचा अधिकारच दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक खिडकीवर कसा सांभाळावा यासाठी हे लिहीत आहे.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख महिलेला महिन्याला २,००० रुपये मिळतात. २०२३ साली तिची नोंदणी चालू असताना मी एका केंद्राबाहेर रांगेत उभा होतो. पुढच्या मावशी काचेपलीकडच्या मुलाला ऐकू जावे म्हणून आधारचे बारा आकडे एकेक करून मोठ्याने सांगत होत्या आणि मागची सारी रांग ते ऐकत होती. मग मुलगा म्हणाला, “मावशी, मेसेज आलाय बघा, नंबर सांगा.” त्यांना वाचता येईना, म्हणून त्यांनी मोबाईलच आत सरकवला. तो कशाचा नंबर होता हे त्यांनी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी खात्रीने सांगतो. पण त्या जागी दुसरा कोणी असता तर मावशींना ते कळण्याचा काही मार्ग नव्हता.

म्हणून पहिली तयारी घरीच करावी. आधारवर इंग्रजीत छापलेले नाव, जन्मतारीख, पत्ता आणि लागणारे क्रमांक एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून न्यावेत, तो कागद समोर धरावा आणि काम झाल्यावर परत घ्यावा, म्हणजे काहीच मोठ्याने सांगावे लागत नाही. कन्नड वाचता येत नसले तरी काही शब्द कानाला ओळखीचे करून ठेवावेत: हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, आदाय म्हणजे उत्पन्न आणि ओप्पिगे म्हणजे संमती. शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. पडद्यावर ओप्पिगे किंवा सम्मति असे लिहिलेल्या चौकटीत खूण करण्याआधी “ही संमती कशासाठी आहे, ते मराठीत सांगा” असे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, पाहण्याचा पर्याय मान्य केलेला आहे. तो आपल्या गावच्या खिडकीवर दिसेपर्यंत निदान तोंडी खुलासा मागणे आपल्या हातात आहे.

ओटीपीच्या बाबतीत नियम एकच ठेवावा: मोबाईल आपल्या हातात राहील आणि आकडा आपण सांगू. वाचता येत नसेल तर सोबत शेजारची शिकलेली मुलगी न्यावी. तेही शक्य नसल्यास मोबाईल न सोडता केवळ तो एक संदेश दाखवावा आणि एका कामासाठी दुसऱ्यांदा ओटीपी मागितला गेला तर कारण विचारावे. पुष्कळ घरांत आईच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि तो परगावाहून फोनवर आकडा सांगतो. त्याला काम काय चालले आहे हे दिसत नाही आणि आईला संदेश दिसत नाही. आधार केंद्रात बोटाचा ठसा देऊन स्वतःचा नंबर जोडून घ्यावा. त्यासाठी वेगळे कागदपत्र लागत नाही.

झेरॉक्सच्या दुकानाकडे तर आपले लक्षच नसते. एकदा मी बाजारात भजी घेतली तेव्हा तेलाने पारदर्शक झालेल्या त्या कागदावर एका मुलीचा उत्पन्नाचा दाखला होता. नाव, वडिलांचे नाव, वार्षिक उत्पन्न आणि आरडी नंबर म्हणजे दाखल्याचा क्रमांक, सगळे वाचता येत होते. प्रिंट तिरकी आली म्हणून कोणीतरी ती टाकून दिली असणार. तो कागद मी घरी नेऊन जाळला, पण त्या गठ्ठ्यात आणखी किती होते कोण जाणे. तेव्हापासून वाया गेलेली प्रत मागून घेतल्याशिवाय मी दुकान सोडत नाही. प्रिंटसाठी दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला दाखला आपण आपल्या बाजूने सर्वांसाठी डिलीट केला तरी त्याच्या संगणकात उतरलेली फाईल तशीच राहते, त्यामुळे ती त्याच्याकडून समोरच पुसून घ्यावी. प्रतीवर सहीबरोबर तारीख आणि कोणत्या कामासाठी दिली ते आडवे लिहावे. शाळेच्या ग्रुपवर दाखल्याचा फोटो मागितला गेल्यास तो केवळ शिक्षकांना पाठवावा, कारण आरडी नंबर हाती असणाऱ्याला घरची मिळकत समजू शकते.

जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे मास्क केलेले आधार द्यावे. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असून शेवटचे चारच दिसतात. आधारमधल्या बोटांच्या ठशांना कुलूपही (बायोमेट्रिक लॉक) लावता येते. खरेदीखतांवरचे ठसे उचलून आधारच्या आधारे खात्यातून पैसे काढल्याच्या तक्रारी २०२३ मध्ये कर्नाटकात आल्या होत्या, त्यामुळे ज्यांच्या जमिनीचे दस्त नोंदवलेले आहेत त्यांनी हे अवश्य करावे. मात्र कुलूप लावल्यावर रेशन दुकानात ठसा जुळणार नाही आणि दर वेळी ते तात्पुरते उघडावे लागेल, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवावे. आधारच्या १९४७ या क्रमांकावर मराठीत बोलण्याची सोय आहे.

काही माहिती मात्र सर्वांना खुलीच असते आणि ती तशी असणे गरजेचे आहे. जमिनीच्या नोंदींच्या सरकारी भूमी प्रणालीत सर्व्हे नंबर टाकला की जमिनीचा उतारा, मालकाचे नाव आणि बोजासुद्धा कोणालाही पाहता येतो. त्यामुळेच फसवे व्यवहार पकडता येतात. उतारा उघडा आहे म्हणून आधार आणि बँकेचे पासबुकही उघडे ठेवायचे, असा त्याचा अर्थ होत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आणि त्या खटल्यातले अर्जदार न्या. पुट्टस्वामी आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

इतके करूनही पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेत जाऊन खाते थांबवावे. उद्या पाहू म्हणण्यात पैसा पुढच्या खात्यात जातो. नंतर लेखी तक्रार द्यावी, आणि ती मराठीत द्यावी. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे, त्यामुळे निदान या कागदासाठी तिसऱ्या माणसाचा हात लागत नाही. दिवस, वेळ, कोणत्या खिडकीवर काय दिले आणि त्यानंतर कोणता संदेश आला ते क्रमाने लिहावे, संदेश पुसू नये आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नये.