पोकेमॉन फायररेड खेळताय? या चुका टाळा

फायररेड आणि लीफग्रीन ही पोकेमॉन गेमची जोडी जपानमध्ये जानेवारी २००४ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आली. गोष्ट १९९६ च्या रेड आणि ग्रीनचीच. कांटो हा प्रदेश तोच, आठ जिम (जिथल्या प्रमुखाला हरवून बॅज मिळवायचा) तीच, प्रोफेसर ओकही तोच. आतले नियम मात्र पोकेमॉन गेमच्या तिसऱ्या पिढीचे. खेळणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. कुणी कार्टून पाहून आलेला असतो, कुणाला जुना रेड तोंडपाठ असतो, कुणी थेट नव्या गेममधून मागे आलेला असतो, आणि जो तो तिकडचे नियम इकडे लावत बसतो. मग गेम बिघडलाय असं वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं.

पिकाचू घेऊन ब्रॉकसमोर जाणे

ही खास कार्टूनवाल्यांची चूक. पडद्यावर ॲशच्या पिकाचूने ऑनिक्सला लोळवलं होतं, म्हणून विरिडियनच्या जंगलात तासभर गवत तुडवून पिकाचू पकडायचा आणि पहिल्याच जिममध्ये तोंडावर आपटायचं. या जिमचा प्रमुख ब्रॉक. त्याच्याकडे लेव्हल १२ चा जिओड्यूड आणि लेव्हल १४ चा ऑनिक्स असतो. दोघेही रॉक आणि ग्राउंड टाइपचे (प्रकारचे). ग्राउंडवर पिकाचूची इलेक्ट्रिक मूव्ह (हल्ला) कमी चालते असं नाही, चालतच नाही, नुकसान शून्य.

सुरुवातीला निवडायच्या तीन पोकेमॉनपैकी (स्टार्टर) बल्बासॉर किंवा स्क्वर्टल घेतला असेल तर ब्रॉक हा प्रश्नच नाही. चारमँडर घेणाऱ्यांनी त्याला लेव्हल १३ पर्यंत न्यावं. तिथे त्याला मेटल क्लॉ मिळते, आणि स्टील मूव्ह रॉकवर दुप्पट लागते. मूळ रेडमध्ये ही सोय नव्हती, त्यामुळे ‘चारमँडर घेतलास तर मेलास’ हा सल्ला अजून फिरतो. इथे तो शिळा आहे. तरी धाकधूक वाटली तर विरिडियनच्या पश्चिमेला रूट २२ वर मँकी मिळतो, तो पकडा. फायटिंगही रॉकवर दुप्पट लागते.

मूव्ह चांगली, पण पोकेमॉन चुकीचा

हा मुद्दा नीट कळला तर शेवटच्या पोकेमॉन लीगपर्यंतचा अर्धा त्रास वाचतो, म्हणून इथे जरा थांबू.

२००६ च्या डायमंड आणि पर्लपासून प्रत्येक मूव्ह स्वतंत्रपणे फिजिकल किंवा स्पेशल ठरते. फायररेडमध्ये तसं नाही. इथे मूव्हचा टाइपच सगळं ठरवतो. फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, आइस, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क या टाइपच्या सगळ्या मूव्ह स्पेशल. उरलेल्या, म्हणजे नॉर्मल, फायटिंग, फ्लाइंग, ग्राउंड, रॉक, बग, पॉइझन, स्टील आणि घोस्ट, या सगळ्या फिजिकल. फायर पंच हा बुक्का असला तरी त्याची ताकद स्पेशल अटॅकवरच मोजली जाते. हिटमॉनचॅनचा मूळ स्पेशल अटॅक जेमतेम ३५, त्यामुळे त्याच्या त्या रंगीत बुक्क्यांना काडीचं वजन नसतं.

गेंगारचं उदाहरण आकड्यांतच बघा. त्याचा मूळ अटॅक ६५ आणि स्पेशल अटॅक १३०. शॅडो बॉलची ताकद ८०. मूव्हचा टाइप (घोस्ट) गेंगारचा स्वतःचाच असल्याने दीडपट धरली तरी ८० गुणिले दीड गुणिले ६५, म्हणजे ७,८००. थंडरबोल्टची ताकद ९५, दीडपट मिळत नाही, पण ती स्पेशल. ९५ गुणिले १३० म्हणजे १२,३५०. हा नुकसानाचा पूर्ण हिशोब नाही, नुसती तुलना आहे. पण समोरच्याला घोस्ट खास लागत नसेल तर कोणती मूव्ह ठेवायची हे सांगायला पुरेशी आहे. नवे गेम खेळून आलेले मात्र डोळे झाकून शॅडो बॉलच शिकवतात.

ग्यारॅडोसची गत याच्या उलट. रूट ४ वरच्या पोकेमॉन सेंटरमधला विक्रेता ५०० घेऊन गळ्यात मारतो त्या मॅजिकार्पला कंटाळून टाकून देऊ नका. लेव्हल २० ला त्याचाच ग्यारॅडोस होतो. पण मूळ अटॅक १२५ आणि स्पेशल अटॅक ६०. त्याच्या तोंडी सर्फ म्हणजे ९५ गुणिले दीड गुणिले ६०, एकूण ८,५५०. दगड ढकलायला म्हणून शिकवलेली साधी स्ट्रेंग्थ ८० गुणिले १२५, म्हणजे १०,०००. सर्फ लॅप्रसला द्या. सिल्फ कंपनीच्या इमारतीत एक कर्मचारी तो फुकट देतो.

टीएम आणि एचएम

पोकेमॉनला मूव्ह शिकवणारी टीएम इथे एकदा वापरली की संपली. नंतरच्या बऱ्याच गेममध्ये ती पुन्हा पुन्हा वापरता येते, त्या सवयीने शेवटच्या जिमच्या जिओव्हानीकडून मिळालेली अर्थक्वेक कुणालातरी शिकवून मोकळे होऊ नका.

एचएमचं (कट, फ्लाय, सर्फ अशा वाट काढून देणाऱ्या मूव्हचं) दुखणं वेगळं. ती मूव्ह नेहमीच्या पद्धतीने विसरवता येत नाही. त्यासाठी फुशियामध्ये मूव्ह डिलीटरचं घर शोधावं लागतं. चारिझार्डला कट शिकवून मग कपाळाला हात लावणारे बरेच दिसतात. व्हर्मिलियनमध्ये एका घरात स्पीअरो देऊन फारफेच्ड घेता येतो. कट आणि फ्लाय त्याच्या गळ्यात घाला आणि मोकळे व्हा.

‘पुढे रस्ताच नाही’

सॅफ्रनच्या चारी वेशींवरचे पहारेकरी तहानलेले असतात. मूळ रेडमध्ये सेलाडॉनच्या दुकानातली पाण्याची बाटली दिली की ते सोडायचे. इथे पाणी, सोडा, लेमोनेड, काहीही आणून ठेवा, ढिम्म हलत नाहीत. त्यांना चहा लागतो. सेलाडॉन मॅन्शनच्या तळमजल्यावर एक आजी बसलेली असते, तिच्याशी बोललात की ती चहा देते. मराठी घरातल्या खेळाडूला हे कोडं खरं तर आधी सुचायला हवं.

रॉक टनेल अंधारात चाचपडत पार करता येतो, पण उगाच कशाला? रूट २ वर ओकचा सहायक फ्लॅश देतो. अट एवढीच की दहा प्रकारचे पोकेमॉन पकडलेले असावेत. डिग्लेटच्या गुहेतून मागे जाऊन झाड कापलं की त्याच्याकडे पोचता. याच पद्धतीने रूट १५ वर पन्नास प्रकारांवर एक्स्प शेअर (न लढणाऱ्या पोकेमॉनलाही अनुभव देणारी वस्तू) मिळतो. स्टार्टर लेव्हल ५० ला आणि बाकीची टीम पंचविशीत, अशी अवस्था झालेल्यांनी तो आधी घ्यावा.

फ्लाय सापडत नसेल तर सेलाडॉनच्या पश्चिमेला रूट १६ वर या. स्नॉरलॅक्स झोपलेला असतो तिथेच वर कापण्याजोगं झाड आहे, त्यापलीकडच्या घरात ती मिळते. स्नॉरलॅक्सला उठवायला मात्र आधी लॅव्हेंडरचा मनोरा पार करून फुजी आजोबांकडून पोके फ्लूट घ्यावी लागते. बासरी वाजवण्याआधी सेव्ह करा.

आणि एस. एस. ॲनच्या बंदरातला तो ट्रक! त्याच्याखाली म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन दडलाय ही जुन्या रेडच्या काळची अफवा. फायररेडमध्ये ट्रक तिथेच आहे, आणि बनवणाऱ्यांनी त्याच्याजवळ एक लाव्हा कुकी ठेवली आहे. तेवढीच. सिनाबारच्या किनाऱ्यावर सर्फ करत राहून मिसिंगनो (गेममधल्या चुकीतून दिसणारा पोकेमॉन) आणि फुकटच्या रेअर कँडी मिळवण्याची जुनी युक्तीही इथे चालत नाही.

इव्हॉल्व्ह होता होता थांबतो

गोल्बॅटला खूप जीव लावला, एके दिवशी तो इव्हॉल्व्ह व्हायला (पुढच्या रूपात बदलायला) लागला, आणि मध्येच प्रश्नचिन्ह येऊन सगळं थांबलं. गेम अडकलेला नाही. नॅशनल पोकेडेक्स (पोकेमॉनची वाढीव नोंदवही) मिळेपर्यंत मूळ १५१ च्या बाहेरचं रूप फायररेड होऊच देत नाही. क्रोबॅट १५१ च्या बाहेरचा. लीग जिंका, साठ प्रकार पकडा, मग ओक तो पोकेडेक्स देतो.

ईव्हीच्या एस्पिऑन आणि अम्ब्रिऑन या रूपांची वाट मात्र त्यानंतरही पाहू नका. त्यांना दिवस आणि रात्र लागते, आणि या गेममध्ये घड्याळच नाही. कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर हे चौघे अदलाबदल केल्याशिवाय पुढे जात नाहीत; कितीही लेव्हल चढवा. अदलाबदलीत आलेला मोठ्या लेव्हलचा पोकेमॉन सांगितलेलं ऐकत नसेल तर तुमचे बॅज कमी आहेत.

सेव्ह उडणे

रूबी, सफायर किंवा एमराल्ड सुरू करताना आतली बॅटरी संपल्याचा संदेश आला तर घाबरू नका. ती बॅटरी घड्याळाची. सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, तो जात नाही. फक्त वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतात. बॅटरी गेली की सेव्ह गेला, हे पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या कार्ट्रिजबद्दल खरं आहे. अस्सल फायररेडमध्ये बॅटरीच नसते. म्हणून जुना माल विकणारा ‘बॅटरी नवीन टाकली आहे’ असं फायररेडबद्दल सांगत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. ते कार्ट्रिज नकली आहे.

स्वतःच्या कार्ट्रिजची प्रत काढून इम्युलेटरवर (दुसऱ्या यंत्रावर गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळताना ‘१एम सब-सर्किट बोर्ड’ नसल्याचा संदेश आला, तर सेटिंगमध्ये सेव्हचा प्रकार फ्लॅश १२८के करा आणि गेम नव्याने सुरू करा. इम्युलेटरच्या सेव्ह स्टेटवर विसंबून गेममधला सेव्ह टाळणं ही दुसरी चूक. आवृत्ती बदलली की ते स्टेट उघडतीलच असं नाही.

मास्टर बॉल कुणावर?

बॉल फेकताना बी बटण दाबून धरल्याने काही होत नाही, हा पिढीजात गैरसमज आहे. उपयोग होतो तो झोपेचा: झोपलेला किंवा गोठलेला पोकेमॉन पकडण्याची शक्यता दुप्पट होते, पॅरालिसिसने दीडपट.

सिल्फच्या अध्यक्षांकडून मिळणारा, कधीच न चुकणारा मास्टर बॉल बहुतेक जण म्यूटूसाठी राखून ठेवतात. तो वाया घालवण्याचा तो रस्ता आहे. म्यूटू सेरुलियनच्या गुहेत लेव्हल ७० वर एका जागी उभा असतो. समोर सेव्ह करा, जमलं नाही तर पुन्हा सुरू करा, हवे तितके अल्ट्रा बॉल फेका.

खरी गरज कांटोभर भटकणाऱ्या दुर्मीळ पोकेमॉनला पकडताना लागते. बल्बासॉर घेतला असेल तर एंटेई, स्क्वर्टल घेतला असेल तर रायकू फिरायला लागतो, आणि दोघांकडेही रोअर ही मूव्ह आहे. एरवी तो पळून गेला तर पुन्हा कुठेतरी भेटतो. पण त्याने रोअर वापरून लढाई संपवली तर गेममधल्या एका चुकीमुळे तो कायमचा नाहीसा होतो. त्यानंतर सेव्ह केलंत की उपाय नाही. भेटला की पहिल्याच फेरीत मास्टर बॉल फेका. चारमँडरवाल्यांच्या वाट्याला सुईक्यून येतो. त्याच्याकडे रोअर नाही, त्यामुळे त्यांनी बॉल वाचवला तरी चालेल.