पावतीमागचा माल: 'स्कॅम १९९२' आणि लेखापरीक्षणात येणाऱ्या नवख्यांसाठी काही अनुभव

'स्कॅम १९९२' ही दहा भागांची मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये सोनी लिव्हवर आली. तेव्हापासून सांगलीतील आमच्या कार्यालयात आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालील प्रशिक्षणासाठी, येणाऱ्या बहुतेक मुलामुलींनी ती पाहिलेली असते. प्रतीक गांधी यांनी उभा केलेला, १९९२ च्या रोखे घोटाळ्यातील शेअर दलाल हर्षद मेहता त्यांना तोंडपाठ असतो आणि काहींच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर त्याचे संवादही झळकतात. मलाही ही मालिका अतिशय आवडते, पण वेगळ्या कारणासाठी. लेखापरीक्षणात येऊ पाहणाऱ्याने त्यातील शेअर बाजाराची धामधूम एकदा पाहिली तरी पुरे. बँकांच्या रोखे व्यवहारांचे प्रसंग मात्र वही-पेन घेऊन पुन्हा पाहावेत, कारण या पेशातील रोजचे काम तिथे आहे.

त्या व्यवहारांचे मूळ साधे होते. एक बँक आपल्याकडील सरकारी रोखे दुसऱ्या बँकेला विकत असे आणि काही दिवसांनी ठरलेल्या, थोड्या अधिक किमतीला परत घेण्याचा करार करत असे; याला रेडी फॉरवर्ड म्हणत. नावाला ही विक्री असली तरी प्रत्यक्षात ते रोख्यांच्या तारणावर घेतलेले अल्प मुदतीचे कर्जच होते. रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या खतावणीत हाताने होत असल्याने तिला वेळ लागे, म्हणून विकणारी बँक तोपर्यंत 'बँक रिसीट' देई: पैसे मिळाले, रोखे आमच्याकडे आहेत, यथावकाश सुपूर्द करू. दोन बँकांच्या मध्ये मेहतासारखा दलाल होता, आणि हळूहळू कोणत्या बँकेचा पैसा कोणाकडे आहे हे फक्त त्यालाच ठाऊक राहिले. पुढे ज्यांच्यामागे एकही रोखा नाही अशा पावत्या निघू लागल्या आणि त्या घेऊन मोठमोठ्या बँकांनी पैसे दिले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने अशा व्यवहारांतील रक्कम चार हजार कोटींच्या घरात काढली.

अशा बिनरोख्यांच्या पावत्या देणाऱ्या दोन छोट्या बँकांपैकी एक मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक आणि दुसरी बँक ऑफ कराड, हे सांगितले की आमच्याकडची मुले चमकतात. घोटाळा म्हणजे दलाल स्ट्रीटवरची गोष्ट, असा त्यांचा समज असतो. बँक ऑफ कराड १९९२ मध्येच अवसायनात निघाली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती सामावून घेतली.

सांगली भागात या पावतीचे धाकटे भावंड रोज भेटते. तासगाव-सांगली पट्ट्यातील बेदाणा हंगामानंतर शीतगृहात जातो. थंडाव्यात त्याचा रंग टिकतो आणि व्यापारी सणासुदीच्या भावाची वाट पाहतो. दरम्यान शीतगृहाच्या पावतीवर त्याला बँक कर्ज देते आणि आमच्यासारख्यांना माल तपासणीला पाठवते. तपासणीला जाताना नवख्याने स्वेटर, विजेरी आणि पावत्यांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. पंधरा किलोच्या पेट्यांची थप्पी लांबून मोजणे सोपे असते: आडव्या किती, उभ्या किती, खोलीत किती ओळी, की झाला गुणाकार. अशाच एका तपासणीत आमचा गुणाकार पावतीशी तंतोतंत जुळला होता. कागद मिटणार, इतक्यात पेट्या हलवणारा हमाल सहज बोलून गेला, "साहेब, फुडचा माल ह्यांचा, मागचा दुसऱ्याचा हाय." समोरच्या दोन ओळी उतरवून घेतल्या, तेव्हा मागच्या पेट्यांवरचा लॉट क्रमांक वेगळा निघाला. तो माल दुसऱ्या व्यापाऱ्याचा होता आणि त्यावर दुसऱ्या बँकेचा बोजा होता. पावती खरी, सही-शिक्का खरा, पेट्यांची संख्याही खरी. फक्त तारण नव्हते. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की संख्येआधी लॉट क्रमांक पाहा, मागच्या ओळीतील काही पेट्या स्वतः निवडून उघडायला लावा, आवक-जावक नोंदवही शीतगृहाच्या कार्यालयातूनच मागा, आणि हमालाशी नीट बोला. पतसंस्थेतील सोनेतारणालाही हेच लागू आहे. पाकिटावरील मोहोर पाहून समाधान मानू नये. काही पाकिटे आपण निवडावीत आणि आपल्यासमोर उघडून, वजन करून पुन्हा मोहोरबंद करून घ्यावीत.

मालिकेतील दुसरी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. बँकेच्या नावाने काढलेले धनादेश दलालाच्या खात्यात जमा होत आणि विचारल्यावर उत्तर मिळे की बाजारात अशीच प्रथा आहे. नवख्या लेखापरीक्षकाला हे उत्तर पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. "आमच्याकडे पूर्वीपासून असंच चालतं," असे पंचवीस वर्षे नोकरी झालेले, वयाने वडिलांच्या जागी असलेले, चहा मागवून आदराने बोलणारे शाखाधिकारी म्हणतात, तेव्हा बावीस वर्षांच्या मुलीची जीभ रेटत नाही. वाद घालू नये, हे खरेच. "साहेब, याचा संचालक मंडळाचा ठराव किंवा परिपत्रक असेल तर प्रत द्याल का?" एवढेच विचारावे. कागद असेल तर मिळतो. नसेल तर तसे लिहिता येते. अनामत खात्यात (हिशेब लागेपर्यंत रक्कम तात्पुरती ठेवण्याच्या खात्यात) वर्षानुवर्षे पडून असलेल्या रकमा आणि इतर बँकांतील खात्यांचा न जुळलेला ताळमेळ, ही अशा प्रथांची ठरलेली घरे आहेत. तिथे आधी जावे.

श्रेया धन्वंतरी यांनी साकारलेल्या पत्रकार सुचेता दलाल यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते लिहिण्याचे शास्त्र. २३ एप्रिल १९९२ रोजी त्यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली. स्टेट बँकेत सुमारे पाचशे कोटींची तफावत आहे, असे त्यात म्हटले होते. तफावत कुठे आणि किती, हे सांगितले की विशेषणांची गरज उरत नाही. आमच्या अहवालांत मात्र "व्यवहार समाधानकारक नाहीत" असली मोघम वाक्ये अजूनही सर्रास असतात, आणि त्यांवर कोणतीही कारवाई होत नाही.

वाटांविषयी थोडक्यात. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांसाठी जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे. मुंबई-पुण्याला जाण्याची घाई करू नये. सहकारी बँका, साखर कारखाने आणि पतसंस्था यांचे इतके विविध काम जिल्ह्यातच मिळते. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखाशास्त्र पदविका) परीक्षा देऊन संस्थांच्या लेखापरीक्षणात उतरण्याचाही मार्ग आहे, आणि पदवीनंतर लगेच कमवावे लागणाऱ्यांना तो अधिक सोयीचा पडतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खाली लेखापरीक्षण होते आणि कलम ८२ प्रमाणे संस्थेला दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. नव्या संस्थेत गेल्यावर मागील वर्षाचा तो अहवाल सर्वांत आधी मागून घ्यावा. "पूर्तता केली आहे" असे जिथे जिथे लिहिले असेल, तिथे ती कोणत्या तारखेला, कोणत्या कागदाने केली हे विचारावे आणि तो कागद पाहिल्याची नोंद स्वतःच्या वहीत करावी.