घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी कॉम्प्युटर कसा निवडावा

गोव्यातल्या फोंड्यात शाळा सुटली की मुठीत एक रुपया घट्ट धरून आम्ही व्हिडिओ गेमच्या दुकानाकडे धावत सुटायचो. सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायचे, तो गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तोच गेम उभ्याने, खरी जॉयस्टिक धरून घरात खेळता यावा म्हणून मी दुकानातल्या मशीनसारखं लाकडी कॅबिनेट बांधलं. लाकडाचं काम सुताराने चोख केलं. चुका झाल्या त्या कॉम्प्युटर निवडताना, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

दुकानात जाण्याआधी खेळायच्या गेम्सची यादी करा. कोणता कॉम्प्युटर लागणार ते या यादीवरच ठरतं. ‘पॅक-मॅन’च्या मूळ मशीनमधला झेड-८० प्रोसेसर जेमतेम ३ मेगाहर्ट्झचा होता, ‘स्ट्रीट फायटर २’मधला १० मेगाहर्ट्झचा. एवढ्यासाठी रास्पबेरी पाय ४ हा हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर पुरतो. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटचे ‘टेकन ३’सारखे थ्रीडी गेम यादीत असतील, तर रास्पबेरी पायचा नाद सोडा.

याचं कारण असं. हे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं, १९९७ साली सुरू झालेलं मेम हे सॉफ्टवेअर जुन्या मशीनमधल्या एकेका चिपची हुबेहूब नक्कल करतं. ते सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि बहुतेक वेळा एकाच कोरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एकाच भागावर. म्हणून आठ हळू कोरपेक्षा चार वेगवान कोर बरे. महागडं ग्राफिक्स कार्ड मेमसाठी घेऊ नका, त्या पैशांत चांगला मॉनिटर येईल.

माझी स्पष्ट शिफारस सेकंडहँड मिनी पीसीची आहे. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी जातीचे छोटे डबे बाजारात मिळतात. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असेल तर बहुतेक घरांना पुरून उरतो. आकाराने जाड वहीएवढा, त्यामुळे कॅबिनेटच्या आत कुठेही बसतो.

एसएसडीचा आग्रह मी अनुभवावरून धरतोय. माझा पहिला सेटअप रास्पबेरी पायवर होता, सगळं एका मेमरी कार्डवर. चवथीच्या आदल्या रात्री भावंडं जमली, खेळ रंगात आला आणि करंट गेला. परत आला तेव्हा स्क्रीनवर नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. कार्डावर काहीतरी लिहिलं जात असतानाच वीज गेली होती आणि कार्डातला डेटा बिघडला होता. पाहुण्यांची पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, ते अजून विसरलो नाही. तेव्हा काहीही घ्या, सोबत वीज गेल्यावरही थोडा वेळ मशीन चालू ठेवणारा छोटा यूपीएस घ्याच आणि सगळ्या सेटअपची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.

पीसी घेण्याआधी तपासायला पेनड्राइव्हवर मेम आणि कायदेशीर मोफत गेम न्या. मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘ग्रिडली’सारखे काही आहेत, बाकीच्यांवर कॉपीराइट आहे हे लक्षात असू द्या. गेम चालू करून एफ-११ दाबा, वेग टक्क्यांत दिसतो, १०० म्हणजे मूळ मशीनइतका. मग एफ-१० दाबला की वेगाची मर्यादा निघते. ‘ग्रिडली’ हलका आहे, त्यामुळे आकडा १००च्या खूप वर जायला हवा. तुमच्या यादीतला सर्वांत जड गेम तुमच्याकडे रीतसर असेल तर त्याच्यावरच तपासा. तो १००च्या आसपासच घुटमळला तर तो पीसी घेऊ नका.

मॉनिटरबाबत दोनच गोष्टी. जुने गेम ४:३ आकाराचे असतात, त्यामुळे २४ इंची रुंद मॉनिटरवर चित्र साडेएकोणीस इंचांच्या आसपासच मिळतं. आणि ‘पॅक-मॅन’सारख्या उभ्या गेमसाठी मॉनिटर आडवा-उभा फिरवणार असाल तर आयपीएस पॅनलच घ्या. स्वस्त टीएन पॅनल उभा केला की बाजूने बघताना रंग बदलतात.

जॉयस्टिक आणि बटणं यूएसबी एन्कोडरमार्फत, म्हणजे बटणांचे इशारे कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या छोट्या बोर्डामार्फत जोडली जातात, प्रत्येक खेळाडूला साधारण एक बोर्ड लागतो. ‘मुस्तफा’ तिघांनी खेळायचा असेल तर तीन बोर्ड, म्हणून मोकळी यूएसबी पोर्ट आधीच मोजा. ‘पॅक-मॅन’ला चार दिशांची जॉयस्टिक लागते. आठ दिशांची असेल तर वळणावर हात चुकतो.

आता आपला पाऊस. जून ते सप्टेंबर गोव्यातली दमट हवा बंद पेटीत साचते. एका पावसाळ्यानंतर मी यूएसबी प्लग ओढला तर धातूवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढलेली, आणि एका खेळाडूची बटणं दबूनही काही होत नव्हतं. आता मागे वर १२० मिलिमीटरचा पंखा बाहेर हवा फेकतो. खाली हवा आत यायच्या भोकाला बारीक जाळी आहे, नाहीतर पाली आणि मुंग्या आत संसार थाटतात. पीसी तळाला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर वर फळीवर बसवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर मशीन चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल निघून जाते.

शेवटी बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगच्या मेनूत जाऊन वीज आल्यावर पीसी आपोआप सुरू होईल ती सेटिंग चालू करा. मग कॅबिनेटवरचा एकच स्विच दाबला की पोरांना आत हात घालावा लागत नाही. बंद करताना मात्र आधी मेनूतून शटडाउन, मगच स्विच.