सरकारी आयटी एकत्र करताना या चुका टाळा

विभागाविभागांचे सर्व्हर, पोर्टलं आणि कंत्राटं एका छताखाली आणायचं काम मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरीच वर्षं बघतोय. विभाग नवा, एजन्सी नवी, पण चुका त्याच.

मशीनवर काय चालतं ते न बघता मशीन हलवणं

सगळ्यांत जास्त नुकसान ह्या एका चुकीने होतं. बैठकीत ठरतं, जुने सर्व्हर बंद करायचे, सगळं स्टेट डेटा सेंटरला न्यायचं. त्या मशीनवर नेमकं काय चालतं असं विचारलं की जडवस्तू नोंदवही पुढे सरकवतात. तिच्यात खरेदीची तारीख असते, किंमत असते, मशीनचं काम कुठेच लिहिलेलं नसतं.

बेलापूरच्या एका कार्यालयात टेबलाखाली एक जुनं टॉवर मशीन होतं. मॉनिटर नाही, वर आवक-जावकचे गठ्ठे. नव्या एजन्सीच्या मुलांनी शुक्रवारी संध्याकाळी भंगार समजून त्याचा प्लग काढला. सोमवारी तालुक्यांतून आलेले दाखल्यांचे अर्ज कुणाच्याच लॉगिनला दिसेनात. शोधल्यावर कळलं, ते अर्ज रोज रात्री मुख्य डेटाबेसमध्ये टाकणारी स्क्रिप्ट त्याच मशीनवर होती, आणि ती लिहिणारा कंत्राटी मुलगा कधीच नोकरी सोडून गेला होता. त्यात जून महिना. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यांसाठी पालकांची रांग जिन्यापर्यंत. मशीन परत जोडलं तर चालू होईना, हार्ड डिस्क नुसती कटकट वाजत होती. शेवटी लिपिक बाईंनी पोचपावत्या जुळवून एकेक नोंद हाताने केली. एजन्सीने अहवालात ‘किरकोळ व्यत्यय’ लिहिलं, ह्याचा मला आजही राग येतो. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत बांधून दिली आहे. सबळ कारणाशिवाय ती चुकली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. प्लग काढणाऱ्याला काहीच होत नाही.

माझी पद्धत अशी. मशीनचं नेटवर्क ट्रॅफिक पूर्ण महिनाभर बघायचं, महिनाअखेर धरून, कारण पगाराची बिलं आणि मासिक अहवाल तेव्हाच निघतात. मग फक्त नेटवर्कची वायर काढायची, वीज चालू ठेवायची. कुणाचा फोन आला तर दोन मिनिटांत वायर परत. आणि शिपायाला विचारायचं. कुठलं मशीन बंद झालं की साहेबांची बेल वाजते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ‘महिना कशाला, स्कॅनर टूल आहे ना’ म्हणणारे मला दर वेळी भेटतात. महिन्यातून एकदाच चालणारं काम एका दुपारच्या स्कॅनमध्ये दिसत नाही.

जुना मराठी डेटा तसाच उचलणं

युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली नावं नव्या सिस्टिममध्ये इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन येतात. कन्व्हर्टर चालवला की झालं, असं मानू नका. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. मी नेहमी त्याच गावच्या माणसाला शंभरेक नावं मोठ्याने वाचायला लावतो. गावांची जुळणी नावावरून करू नका, एलजीडी कोडवरून करा, म्हणजे केंद्र सरकारच्या स्थानिक संस्था-गावांच्या यादीतल्या (लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी) क्रमांकावरून.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हारच्या त्याआधीच्या नोंदींत जिल्हा ठाणे आहे, आणि त्या तारखेला तो बरोबरच होता. एका क्वेरीत सगळीकडे ‘पालघर’ करून टाकणारे उत्साही लोक मी पाहिलेत. मग नागरिकाच्या हातातला जुना दाखला सिस्टिमशी जुळत नाही आणि हेलपाटे त्याच्या नशिबी येतात. मूळ रकाना तसाच ठेवा, आजच्या जिल्ह्यासाठी नवा रकाना घ्या.

खाती माणसाच्या नावावर ठेवणं

डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचा, ओटीपी साहेबांच्या खासगी मोबाइलवर जातो आणि एप्रिल-मेमध्ये साहेबांची बदली होते. पदनामाचा ईमेल आणि कार्यालयाचा नंबर वापरा.

बाकीच्या

बॅकअप परत चढवून पाहिला नसेल तर तो आहे असं धरू नका. जुनं मशीन टाकताना लॉग, म्हणजे मशीनवर काय काय झालं त्याच्या नोंदी, पुसू नका; सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे ते 180 दिवस ठेवावे लागतात. आणि दाखल्यांची कुठलीही सेवा मे ते जुलै हलवू नका, वरून कितीही घाई असली तरी. तारीख ठरायच्या आधीच हे टिपणीत लेखी द्या.