दसऱ्याआधी ठासणीची बंदूक उतरवताना: भातराखणीच्या हंगामासाठी सल्ला

हळवं भात दुधावर आलं की पहिली खबर रानडुकरांना लागते. गणपती पोचवून आठवडा होत नाही, तोच सकाळी बांधावर जावं तर कुणग्याचा, म्हणजे भाताच्या वाफ्याचा, एक कोपरा लोळवलेला, चिखलात खुरांचे ठसे आणि चघळून थुंकलेल्या लोंब्या. मग राखण सुरू होते. सिंधुदुर्गात, दक्षिण रत्नागिरीत, आजरा-चंदगडच्या पट्ट्यात ज्या घरी शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, तिथे याच दिवसांत ठासणीची बंदूक भिंतीवरून खाली येते. त्यातच खंडेनवमी आणि दसरा. बंदूक पुसायची, पाटावर मांडायची, गंध-फूल वाहायचं. भोवती पोरंटोरं बसलेली. चार महिने पावसात कुणी हात न लावलेल्या त्या बंदुकीत आत काय आहे, हे मात्र घरात कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

काडतुसाची बंदूक बिजागरीवर मोडून उघडली की नळीतून आरपार उजेड दिसतो. ठासणीच्या बंदुकीला मागून दार नाही. दारू, बोळा, छर्रे सगळं तोंडातून जातं आणि बुडाशी बसतं. भरलेली आणि रिकामी बंदूक बाहेरून हुबेहूब सारखी दिसते. वजनावरून कळत नाही, वासावरून कळत नाही, ‘गेल्या वर्षी मीच रिकामी केली होती’ या आठवणीवर तर अजिबात जाऊ नका. म्हणून या हंगामातलं पहिलं काम पूजेचं नाही आणि तेलपाण्याचंही नाही. पहिलं काम नळीत गज, म्हणजे दारू ठासायची लांब काठी, घालून बघण्याचं.

गज सांगेल तेच खरं

पोरांना घरात पाठवा. बंदुकीचं तोंड मोकळ्या मातीच्या दरडीकडे ठेवा. निप्पलवर (नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या नळकांडीवर) जुनी केप (ठिणगी पाडणारी टोपी) चिकटलेली असेल तर अंगठ्याने घोडा घट्ट धरून मागे घ्या आणि केप काढून टाका. तोंड स्वतःपासून दूर, तिरकं धरून गज अलगद आत सोडा. नळी रिकामी असेल तर गज बुडावर आपटून ‘खण्’ असा कोरडा, धातूचा आवाज येतो. आत बार, म्हणजे भरलेली दारू नि छर्रे, असेल तर आवाज दबका येतो, पोत्यावर काठी टेकवल्यासारखा. पण कानावरही पूर्ण भरवसा नको. गज आत असतानाच नळीच्या तोंडाशी त्यावर बोटाने खूण धरा, गज बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा. खूण तोंडाशी जुळवल्यावर गजाचं टोक थेट निप्पलच्या बुडापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे.

माझ्या वडिलांच्या गजावर दोन कायमच्या खुणा होत्या. रिकाम्या नळीची खाच, आणि तिच्यापासून काही बोटांवर, नेहमीचा बार भरल्यावर जिथे नळीचं तोंड येई तिथे, पितळी तारेचे दोन वेढे. लहानपणी मला ती सजावट वाटे.

तिचा अर्थ कळला तो माझ्या चुकीमुळे. राखणीची रात्र, विजेरी मंद झालेली. चाप ओढला, केप वाजली, पण बार फुसका गेला. घाईगडबडीत आणि थोड्या भीतीने मला वाटलं की दारू घालायलाच विसरलो. मी त्यावर सगळा बार पुन्हा भरला. ठासताना तारेचे वेढे नळीच्या तोंडापासून चांगले चार बोटं वर राहिले. तिथे हात थांबला. ती खूण नसती तर मी पुढची केप लावलीच असती. दुहेरी बाराने जुनी नळी फाटते, आणि ती फाटते डाव्या हाताशी आणि चेहऱ्याशी. तुमच्या गजावर या दोन खुणा नसतील तर आजच करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

जुना बार आत सापडला तर ‘उडवून मोकळं होऊ’ हा विचार मनात आणू नका. तो किती आहे, कसला आहे, कुणी भरला, तुम्हाला ठाऊक नाही. नळी तापवणं, तोंडातून सळई खुपसून उकरणं, ड्रिल लावणं हे तर जिवाशी खेळणं आहे. निप्पल काढून त्या भोकातून पाणी आत जाऊ द्या, दारू भिजू द्या आणि बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्या. भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेट घेते, म्हणून पाणी घातल्यावरही ती बंदूक भरलेलीच समजायची.

पावसाने काय केलंय ते बघा

जांभ्याच्या भिंतीला टेकून राहिलेली बंदूक ज्या बाजूने भिंतीला लागते त्याच बाजूने गंजते. ती बाजू आधी बघा. रेक्झिनच्या किंवा कापडी गवसणीत पावसाळाभर ठेवली असेल तर अख्खी नळी बघा, कारण गवसणी ओल धरून ठेवते. नळी डोळ्यासमोर आडवी धरून उजेडात फिरवा. तिच्यावर पडलेली प्रकाशाची रेघ एखाद्या जागी फुगली, वाकडी झाली तर तिथे नळीला आतून फुगवटा आहे. बोटं फिरवली तरी अंगठीसारखा उंचवटा लागतो. अशी बंदूक बाद. तिला वेल्डिंग करून, पट्टी मारून पुन्हा वापरायची नाही.

घोड्याची परीक्षा रिकाम्या, बिनकेपेच्या बंदुकीवर करायची. घोडा अर्ध्यावर अडकवा आणि चाप ओढून बघा. घोडा सुटला तर आतली खाच झिजली आहे. अशी बंदूक खांद्यावरून उतरताना, बांध ओलांडताना स्वतःहून उडू शकते. निप्पलचं भोक मोठं झालं असेल तर बार उडताना आग मागे डोळ्यांकडे येते. निप्पल बदलणं स्वस्त आहे. पूजेच्या दिवशी पोरांना ‘टक्’ आवाज ऐकवायला रिकामा घोडा पाडत बसू नका, त्यानेच निप्पलचं तोंड चेपतं.

दारू आणि भरणं

ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू, परवान्यावर लिहिली तेवढीच आणि परवानाधारक दुकानातूनच. काडतूस फोडून त्यातली दारू घालणारे लोक मी पाहिले आहेत. काडतुसातली बिनधुराची दारू वेगळ्या जातीची असते. ठासणीच्या नळीला न पेलणारा दाब ती तयार करते, मग माप कितीही कमी घ्या. फटाक्याची दारू, काडेपेटीचं गूल यांचंही तेच. पावसात ओल लागलेली दारू चुलीच्या वैलावर किंवा उतवावर ठेवून वाळवणारी घरं आपल्याकडे अजून आहेत. ती दारू टाकून द्या, बादलीभर पाण्यात. चांगली दारू घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि विजेच्या बोर्डापासून लांब, कुलपात ठेवा. केपांची डबी दुसऱ्या कुलपात.

भरताना विडी नको, कंदील जवळ नको. डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा बुडाशी धुमसत असेल तर आग डब्यापर्यंत चढते. मापाने घ्या, डबा बंद करून बाजूला ठेवा, मग ओता. एक बार उडाल्यावर दुसरा भरण्याआधी ओलसर चिंधी आतून फिरवा आणि मग कोरडी. नळीच्या तोंडावर तोंड, हात, छाती आणायची नाही. गज तळव्याने दाबायचा नाही, बोटांनी नळीच्या तोंडाजवळ धरून थोडा थोडा खाली न्यायचा. बोळा आणि छर्रे दारूवर टेकेपर्यंत गेले पाहिजेत. मध्ये पोकळी राहिली तर नळी तिथेच फुगते. तारेची खूण तोंडाशी आली म्हणजे बसलं.

केप सर्वांत शेवटी, आणि तीसुद्धा जनावर समोर उभं दिसल्यावर. माचावर चढताना, मांगरात (शेतातल्या खोपीत) झोपताना, चहा प्यायला घरी येताना बंदुकीवर केप असायचीच नाही. माचावर आधी माणूस चढतो, मग बिनकेपेची बंदूक दोरीने वर घेतो, तोंड खाली आणि माणसांपासून लांब ठेवून. केप वाजली पण बार गेला नाही, तर बंदूक तशीच त्याच दिशेला धरून किमान दोन मिनिटं थांबा. दारू आत धुमसत असेल तर बार उशिराने उडतो. तोंडाकडे वाकून ‘काय झालं’ म्हणून बघणारा माणूस त्याच वेळी वाकलेला असतो.

रात्रीचा बार

आपल्याकडे बंदुकीचे जे अपघात ऐकू येतात, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: झुडपात सळसळ झाली, दोन डोळे चमकले, आणि निघाला तो शेजारी किंवा त्याची म्हैस. सळसळीवर बार नाही. डोळ्यांच्या चमकेवर बार नाही. अख्खं जनावर आणि त्याच्या मागची माती दिसल्याशिवाय केपेला हात लावायचा नाही. राखणीला निघताना वाडीतल्या चार घरांना सांगून जा की आज मी अमुक कुणग्याच्या वरच्या बांधावर आहे. हाका घालून पाच-सहा जणांनी रानात शिरणं हे राखण नव्हे, ती शिकार आहे, आणि त्यात आपलीच माणसं समोरासमोर येतात.

पाणी भरलेल्या कुणग्यावरून आणि जांभ्याच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, छर्रे उसळतात. कोकणात तर पाणी आणि गडगा दोन्ही चहूकडे. नळीचं तोंड मऊ मातीच्या बांधाकडे आणि खाली राहील अशीच जागा राखणीला निवडा.

बहुतेक वेळा नुसत्या आवाजानेच कळप पळतो, हा माझा अनुभव. पण छर्रे नसले तरी नुसत्या दारूचा बोळा जवळच्या माणसाला इजा करतो. काथ्याचा, चिंधीचा बोळा पेटता बाहेर पडतो आणि धुमसत राहतो. भात कापून उडव्या रचल्यावर, आणि पुढे माघ-फाल्गुनात काजूच्या बागेत वाळलेलं गवत असताना, असा एक बोळा वर्षाचं उत्पन्न जाळायला पुरेसा आहे. जाड पुठ्ठ्याची चकती कमी धुमसते. तरीही बार काढल्यावर समोरची जागा विजेरीने बघून घ्या.

जखमी डुकराच्या मागे रात्री जायचं नाही. ते दबा धरून बसतं आणि उलटतं.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे दरवर्षी सांगावं लागतं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, पण जनावरांच्या बाबतीत १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकाचं नुकसान करत असतील तर राज्य शासनाच्या २०१५ च्या निर्णयाप्रमाणे वनक्षेत्रपालांकडे परवानगीचा अर्ज करता येतो. ती लेखी हातात असल्याशिवाय डुकरावर नेम धरायचा नाही. परवानगीने मारलेलं जनावरही वनखात्याच्या ताब्यात द्यायचं, मटण वाटायचं नाही. गवा, सांबर, मोर यांच्यावर बंदूक रोखायचीच नाही, आणि दोडामार्गाकडे हत्ती आले तर बंदूक घरातच ठेवा. नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे द्या, लोळवलेल्या भाताचे फोटो पंचनाम्याआधी काढून ठेवा. वनखात्याचा फोन १९२६.

दसऱ्याला, लग्नाला, मिरवणुकीत हवेत बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

धुणं त्याच रात्री

काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते. कोकणातल्या आश्विनात रात्री बार काढून बंदूक तशीच ठेवली तर सकाळी नळीत तांबूस पूड दिसते. तेलाने ही काजळी जात नाही, ती पाण्यातच विरघळते. नळी रिकामी असल्याची गजाने खात्री करा, निप्पल काढा, नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवा आणि बूड बादलीत ठेवा. बादलीत साबणाचं ऊन पाणी. गजाला चिंधी गुंडाळून वर-खाली करा, पिचकारीसारखं पाणी आत ओढलं जातं आणि काळंकुट्ट होऊन बाहेर येतं. सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो गंधकाचा, घाबरू नका, खिडकी उघडी ठेवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. शेवटचं पाणी चांगलं कढत घ्या, म्हणजे तापलेली नळी आपोआप सुकते. मग कोरड्या चिंध्या आणि वर तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी फिरवा. तिला तांबूस डाग आला तर परत धुवा. पुढच्या वेळी भरण्याआधी तेल कोरडं पुसून काढा, नाहीतर बार फुसका जातो. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात नको.

वडील वारले आणि बंदूक त्यांच्या नावावर असली, तर ती ‘घरचीच’ म्हणून भिंतीवर ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आधी परवाना स्वतःच्या नावावर करून घ्या. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरायला होते. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. निवडणुकीत जमा करण्याची नोटीस आली तर नेण्याच्या आदल्या दिवशी गजाने तपासा, धुवा, तेलाचा नेहमीपेक्षा जाड हात द्या आणि गवसणी काढून द्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक नीट उतरलाय का ते तिथेच उभं राहून वाचा. परत आणली की घरात नेण्याआधी, अंगणातच, पुन्हा गज घाला.